गाड्याच्या अंगांचीं नांवें

बैलगाडा हें ग्रामसंस्कृतीचें प्रतीक होय, असें सभांतून वारंवार ऐकूं येतें. परंतु प्रतीक म्हणून गौरविलेली वस्तु साधन म्हणून तपासण्याचें बहुधा राहून जातें. गाड्यास पुरावा मानल्यास त्याची साक्ष काय मिळते, तें येथें थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आकाराची साक्ष दायमाबादची. हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं असलेल्या या स्थळीं इ. स. १९७४ मध्यें चार कांस्यवस्तु सांपडल्या. त्यांपैकीं एक दोन बैल जुंपलेला रथ असून त्याची लांबी सुमारें ४५ सें. मी. आहे. हांकणारा उभा आहे. चाकें भरीव, म्हणजे आऱ्यांवांचून आहेत. हा संचय उत्तर-हडप्पाकालीन असल्याचें पुष्कळ विद्वान् मानितात. तो पद्धतशीर उत्खननांत न मिळाल्यामुळें कालाविषयीं मतभेदही आहे.

नांवांची साक्ष निराळी. युगाचें जूं, योक्त्राचें जोत, अक्षाचा आंख, अराचा आरा, हीं वैदिक नांवें रूप पालटून आमच्या सुताराच्या व शेतकऱ्याच्या तोंडीं आलीं. नाभीस मात्र सुतार तुंबा म्हणतो, आणि ऋग्वेदांतील पवीच्या जागीं लोखंडी धांव आली. म्हणजे जुंपणीचे शब्द टिकले. चाकाचे कांहीं टिकले, कांहीं बदलले. एवढ्यावरून मोठा सिद्धान्त उभारणें युक्त नव्हे. तथापि एकच गाडा अनादि कालापासून अविकृत चालत आला, ही समजूत या दोन्ही साक्षींपुढें टिकत नाहीं. प्रत्येक पिढीच्या सुतारानें त्यांत आपला हात घातलेला आहे.

आतां रबरी धांवेच्या तयार चाकांस ना लांकडी तुंबा लागतो, ना लांकडी आरे. काम गेलें कीं नांव जातें. पोथी कसरीनें खाल्ली तरी तिची दुसरी प्रत कोठें मिळण्याची आशा असते. वृद्ध सुताराच्या मुखांतील शब्दाची प्रत नसते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच, कीं दप्तर पाहण्यास गांवीं जाल तेव्हां सुताराच्या ओसरीवरही घटकाभर बसावें. गाड्याच्या प्रत्येक अंगाचें नांव त्याच्याच उच्चाराप्रमाणें टिपावें, आणि कागदावर जशी मिति पाहतों, तशी त्या टिपणावर गांव व तारीख अवश्य घालावी.