स्प्रिंट मोडण्याचा अधिकार

सॉफ्टवेअर बनवण्याच्या स्क्रम पद्धतीत काम ठरावीक मुदतीच्या स्प्रिंटमध्ये होते. सुरुवातीला टीम एक उद्दिष्ट ठरवते, मुदत संपेपर्यंत त्याच्यामागे लागते आणि शेवटी जे तयार झाले ते दाखवते. मुदतीआधीच स्प्रिंट रद्द करण्याची सोयही या पद्धतीच्या नियमांत आहे. ती फार क्वचित वापरली जाते, म्हणून अनेक जण तिला कागदावरचे कलम समजून पुढे जातात. मला ते पटत नाही. हे कलम आधी कोणाच्या हातात होते, तिथून ते कुठे गेले आणि जाताना त्यातले काय गळाले, हे पाहिले तर टीम आणि व्यवस्थापन यांच्यातला मूळ करार कशावर उभा आहे ते दिसते. आज तो करार बहुतेक ठिकाणी गुपचूप मोडला जातो, आणि उघडपणे मोडण्याची वाट विसरली गेली हे त्याचे एक मोठे कारण आहे.

हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांतल्या उत्पादनविकासावर लेख लिहिला. तिथल्या टीम स्वतःचे काम स्वतः आखत आणि वरून कमीत कमी हस्तक्षेप होई, हे त्यांचे निरीक्षण होते. जेफ सदरलँड यांनी १९९३ साली ईझेल कॉर्पोरेशनमध्ये ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि केन श्वेबर यांनी १९९५ साली ऑस्टिनच्या परिषदेत ती पद्धत म्हणून मांडली. पुढे श्वेबर आणि माइक बीडल यांच्या २००१ च्या पुस्तकात स्प्रिंट तीस दिवसांचा ठरला. तीस दिवस बाहेरच्या कोणीही टीमच्या कामात भर घालायची नाही आणि त्या बदल्यात टीमने महिन्याअखेरीस चालणारे सॉफ्टवेअर दाखवायचे, असा तो व्यवहार होता. पण ज्याचा पैसा लागला आहे तो महिनाभर पूर्णपणे हात बांधून घ्यायला तयार होईलच कसा? म्हणून एक दार उघडे ठेवले गेले. मध्येच थोडे काढायचे आणि थोडे घालायचे हे चालणार नाही. फारच गरज पडली तर अख्खा स्प्रिंट रद्द करा आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा नियोजनाला बसा. ही किंमत मुद्दाम जड ठेवलेली होती. हस्तक्षेप उघड आणि महाग असला, की तो करण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

दार उघडण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर मात्र बदलत गेले. २००१ च्या पुस्तकात तो व्यवस्थापनाकडे होता. उद्दिष्ट गाठणे अशक्य दिसले तर टीमलाही तशी मुभा होती. श्वेबर यांच्या २००४ च्या पुस्तकात तो स्क्रममास्टरकडे, म्हणजे पद्धत नीट पाळली जाते ना हे पाहणाऱ्याकडे आला. कारणे तीन दिली होती: तंत्रज्ञान चालत नाही असे निघाले, व्यवसायाची परिस्थिती बदलून काम निरर्थक ठरले, किंवा बाहेरच्या कोणी टीमच्या कामात ढवळाढवळ केली. २०१० पासून निघालेल्या स्क्रम गाइड या नियमपुस्तिकेत हा अधिकार एकट्या प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे काय बनवायचे हे ठरवणाऱ्याचा झाला आणि कारणही एकच उरले, उद्दिष्ट कालबाह्य होणे. कामाच्या मोलाचा जाब ज्याला द्यायचा, त्यानेच ते काम बंद करण्याचा निर्णय घ्यावा, हे तर्काला धरून आहे. पण तिसरे कारण गळाले, याची मला खंत वाटते. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढू शकतो आणि दोष वेळेत निस्तरला नाही तर लाइन थांबते. २००४ चा स्क्रममास्टर तसेच काहीसे करू शकत होता. विक्री विभागातल्या कोणी परस्पर येऊन काम बदलले, तर तो स्प्रिंट थांबवून सगळ्यांना टेबलाभोवती आणू शकत असे. आज तो प्रॉडक्ट ओनरला विनंती करतो, आणि पुष्कळदा हस्तक्षेप करणारा खुद्द प्रॉडक्ट ओनरच असतो.

स्प्रिंट कधी रद्द करावा, याचा घोळ मुख्यतः निकड आणि कालबाह्यता यांच्या सरमिसळीतून होतो. २५ मार्च २०२० पासून भारतातली देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने बंद होती. उन्हाळी सुट्टीच्या तिकीटविक्रीची नवी स्क्रीन बनवणाऱ्या एखाद्या टीमची कल्पना करा. तिचे उद्दिष्ट एका घोषणेने मेले. लोकांना हवे होते ते रद्द तिकिटांचे पैसे. इथे स्प्रिंट ओढत नेण्यात काहीच अर्थ नाही. उलट डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉग४जे या लायब्ररीतली गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर झाली आणि जगभरच्या टीमना हातातले काम सोडून ती बुजवावी लागली. तिथे स्प्रिंटचे उद्दिष्ट जिवंतच होते, फक्त हात दुसरीकडे गेले होते. अशा वेळी प्रॉडक्ट ओनर आणि टीमने मिळून व्याप्ती कमी करावी. उद्दिष्टाचा गाभा वाचत असेल तर रद्द करण्याची गरज नाही. दोन्ही प्रसंगांत घाई सारखीच असते. म्हणून प्रश्न घाईचा विचारू नये, उद्दिष्ट आज पूर्ण झाले तर कोणाला उपयोग आहे का, हा विचारावा.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. तीस दिवसांचे स्प्रिंट आता बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांवर आले आहेत. चार-पाच दिवस थांबले की नवे नियोजन येतेच, मग मोडतोड कशाला? २०२० च्या स्क्रम गाइडनेही या कलमाला दोन वाक्यांत गुंडाळले. पूर्ण झालेले काम तपासून स्वीकारावे, अपुऱ्या कामाचा नव्याने अंदाज घेऊन ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत परत टाकावे, हा आधीच्या आवृत्त्यांतला तपशील गेला. थांबण्याची किंमत कमी झाली, हे मान्यच आहे. पण प्रत्यक्षात थांबतो कोण? जिरा या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमधली पाच तिकिटे, म्हणजे कामाच्या नोंदी निघतात, सात नवी येतात, स्प्रिंटचे नाव तेच राहते आणि शेवटी वेग का घसरला हे टीमलाच विचारले जाते. हेही रद्द करणेच झाले, फक्त त्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते. आणि ज्यांचे काम रोजच बदलते, सपोर्ट टीमसारखे, त्यांनी स्प्रिंटचा हट्ट सोडून कानबान, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय काम येईल तसे हाती घेण्याची पद्धत वापरावी. तो स्क्रमचा पराभव नव्हे.

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीत परदेशी ग्राहकासाठी काम करणाऱ्या टीमपुढे हा प्रश्न जास्त टोकदार होतो. खरा प्रॉडक्ट ओनर समुद्रापार, त्याच्या वतीने बोलणारा एक जण इथे, आणि त्या प्रतिनिधीला तिकिटे बदलता येतात पण स्प्रिंट रद्द करता येत नाही. रद्द करायचा तर ग्राहकाशी अवघड बोलणे करावे लागते. बदलायचा तर एक निरोप पुरतो. मग सोपी वाट निवडली जाते आणि तिचा भार रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांवर पडतो. अशा टीमने नियोजनाच्या बैठकीतच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात असे मला वाटते: या स्प्रिंटचे उद्दिष्ट एका वाक्यात, आणि ते मोडण्याचा निर्णय कोण, किती तासांत देऊ शकेल. २०२० च्या गाइडने रद्द करण्याचे कलम आखूड केले, पण त्याच आवृत्तीत स्प्रिंटच्या उद्दिष्टाला (स्प्रिंट गोल) स्प्रिंट बॅकलॉगची, म्हणजे त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीची बांधिलकी म्हणून पक्के स्थान दिले. त्यामुळे पहिली गोष्ट मागताना टीमला कोणाची मेहेरबानी मागावी लागत नाही. दुसरी मात्र ग्राहकाशी बोलून मिळवावी लागेल.