देवणीतला डीटीपी आणि वाढत गेलेला पडदा

देवणी उदगीर तालुक्यात होतं, तेव्हा आमच्या घरच्या लग्नपत्रिका उदगीरहून छापून यायच्या. पुढे संगणक, पेजमेकर आणि श्री-लिपी गावात आली, अन् मी डीटीपीला बसलो.

तेव्हाचा मॉनिटर काचेच्या नळीचा. पंधरा इंची म्हणून घ्यायचा, दिसायचा पावणेचौदा. माप नळीचं धरत. ८०० बाय ६०० ठिपक्यांत मराठीचे फार हाल होत. पत्रिकेत ‘सर्वांना’ आलं, की रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसे. प्रत्येक वेळी झूम करून पाहायचं, नाहीतर प्रिंट काढायची. पानाचा वरचा भाग पाहताना खालचा दिसत नसे, ते वेगळंच. सपाट पडदे आले, टेबल मोकळं झालं. अक्षर मात्र फारसं सुधारलं नाही.

खरा फरक फोर-केनं पडला: ३८४० बाय २१६० ठिपके. चोवीस इंचांत ते इंचाला १८० च्या वर बसतात, सत्तावीसमध्ये १६३, बत्तिसात १३८. आता रफार वेगळा, अनुस्वार वेगळा. पण चोवीस इंची पडद्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर आणि ए-फोर कागद २९.७. मेनूची पट्टी आली की पान कापलं जातं. सत्तावीसमध्ये दोन पानं शेजारी, मूळ मापात बसतात आणि वर पट्टीलाही जागा उरते. मराठी जुळणी करणाऱ्यानं सत्तावीस इंचीच घ्यावा आणि विंडोजमध्ये स्केलिंग दीडशे टक्के ठेवावं.