पिस्ता आपल्या वाटीत आला कसा?

दिवाळीनंतरचा महिनाभर दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, पिस्ते खाल्लेले चालतात ना?" चाकण-भोसरीच्या कंपन्यांतून सुक्या मेव्याचे डबे घरोघरी आलेले असतात आणि काजू-बदामांच्या शेजारी आता पिस्त्यालाही कप्पा असतो. कोणी कोलेस्टेरॉलसाठी खातो, कोणी शुगरसाठी. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नसे. कारण आपल्याकडे पिस्ता ही खायची नव्हे, वरून पेरायची गोष्ट होती. श्रीखंडावर चार काप, बासुंदीत चार काप, झाले. अनेक घरांत तेही नाही, तिथे चारोळी असे.

ही चारोळी पिस्त्याची नातेवाईकच. (चऱ्होलीत बसून चारोळीवर लिहिताना मला गंमत वाटते, पण ते असो.) आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि पिस्ता ही सगळी एकाच वनस्पती-कुळातली मंडळी. बिब्ब्याने कातडी कशी उतते हे जुन्या माणसांना सांगायला नको. या नात्याला वैद्यकीय अर्थही आहे. काजू आणि पिस्ता तर फारच जवळचे. ज्याला काजूची खरी अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो, त्याला पिस्त्यानेही तोच त्रास होण्याची शक्यता मोठी असते. अशा माणसाने "थोडा खाऊन बघू" हा प्रयोग घरी करू नये.

मग चारोळी आपल्या जंगलात झाली, काजू कोकणात रुजला, आणि पिस्ता मात्र परकाच का राहिला? काजूही परकाच होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलकडून गोव्यात आणला आणि दमट हवेत, जांभ्या दगडाच्या जमिनीत तो असा रमला की आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या नावाने काजूच्या जाती ओळखल्या जातात. पिस्त्याचे तसे नाही. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. कॅलिफोर्नियातल्या मुख्य जातीला साधारण ७ अंशांच्या खालची थंडी आठशे ते हजार तास तरी मिळावी लागते, नाहीतर वसंतात झाड नीट फुलत नाही. पुण्याची थंडी कितीही बोचली तरी तिथवर पोहोचत नाही. शिवाय फळ तयार होते ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा हवा कोरडी हवी, आणि आपल्याकडे तेव्हा इंद्रायणीला पूर असतो! त्यातून नर आणि मादी झाडे वेगळी, परागीभवन वाऱ्यावर, आणि बऱ्यापैकी फळ धरायला सहा-सात वर्षे. म्हणून पिस्ता आपल्याकडे कायम व्यापाऱ्यांच्या पाठीवरूनच आला. शब्दही फारसीच. 'ऐन-ए-अकबरी'त सुक्या मेव्याचे भाव दिले आहेत, त्यात पिस्ता आहे. पुढे काबूल आणि इराणचा माल मुंबईच्या मस्जिद बंदरात उतरू लागला, पण तो श्रीमंतांचा मेवाच राहिला.

तो स्वस्त झाला नाही, पण मुबलक झाला, आणि त्याचे कारण अमेरिकेत आहे. १९२९ साली विल्यम व्हाइटहाउस नावाचा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ इराणात गेला. महिनोन्‌महिने बागा आणि बाजार हिंडून पुढच्या वर्षी तो जेमतेम नऊ-दहा किलो निवडक बी घेऊन परतला. त्या बियांची हजारो रोपे कॅलिफोर्नियात लावली. झाड फळायलाच इतका वेळ घेते, की त्यातून एक पसंत पडेपर्यंत वीसेक वर्षे गेली. तिचे नाव ठेवले इराणच्या पिस्त्याच्या मुलखावरून, 'कर्मान'. १९७६ साली तिथले पहिले व्यापारी पीक निघाले, सुमारे ७०० टन. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले, इराणी मालावर अमेरिकेने बंदी घातली, आणि १९८६ मध्ये इराणी पिस्त्यावर २४१ टक्क्यांहून जास्त कर बसवला. मैदान मोकळे झाले. २०२३ चे तिथले पीक पावणेसात लाख टनांच्या घरात होते, म्हणजे जवळजवळ हजारपट.

इतका माल खपवायचा तर नुसती चव पुरत नाही, आरोग्यही विकावे लागते. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पिस्त्यासह काही कठीण कवचाच्या मेव्यांच्या पाकिटावर एक वाक्य छापायला परवानगी दिली. रोज सुमारे ४२ ग्रॅम मेवा, तोही कमी संतृप्त चरबीच्या आहारात, हृदयविकाराचा धोका कमी करू शकतो, असे अभ्यास सुचवतात, पण सिद्ध करत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर येता येता त्यातले 'सिद्ध करत नाहीत' हे शब्द गळतात आणि 'पिस्ता हार्ट अटॅक रोखतो' एवढेच उरते. स्पेनमधल्या ज्या गाजलेल्या अभ्यासाचा दाखला नेहमी देतात, त्यात लोकांना अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले होते. पिस्ता नव्हता.

पिस्ता वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्यातली चरबी बहुतांशी चांगली, तंतू आणि प्रथिने भरपूर. फरसाण सोडून कोणी पिस्ते खात असेल तर मला आनंदच आहे. पण ३० ग्रॅम गरात, म्हणजे साधारण पन्नास दाण्यांत, दीडशेहून जास्त कॅलरी असतात, दीड-दोन फुलक्यांइतक्या. जेवण तेवढेच ठेवून वर मूठभर पिस्ते खाल्ले तर वजन वाढणारच. पंचवीस-तीस दाणे पुष्कळ झाले. तेही टरफलासकट घ्या. समोर टरफलांचा ढीग दिसला की हात आपोआप थांबतो. आणि घरखर्च ताणून पिस्ते आणणाऱ्यांना मी सरळ शेंगदाणे सांगतो. प्रथिने त्यात पिस्त्यापेक्षा थोडी जास्तच असतात. दुबई चॉकलेटच्या लाटेत २०२५ मध्ये पिस्त्याचा गर आणखी महागला, तो हिशोबही करा.

ब्लड प्रेशरवाल्यांची गाठ मात्र पिस्त्याशी नसून मिठाशी आहे. गोळी नियमित घेऊनही आकडा उतरत नाही तेव्हा चौकशी केली की संध्याकाळचे खाऱ्या पिस्त्यांचे पाकीट अनेकदा बाहेर येते. बिनमिठाचे घ्या. किडनीचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नयेत, कारण पिस्त्यात पोटॅशियम बरेच असते.

राहिली बुरशी. दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृतावर घाव घालते. १९९७ मध्ये याच विषामुळे युरोपने इराणी पिस्त्याची आयात काही महिने थांबवली होती. शेंगदाण्यालाही हाच धोका. भाजल्याने किंवा धुतल्याने हे विष पुरते जात नाही. तेव्हा कुबट वासाचे, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाका, दिवाळीचा डबा पावसाळ्यापर्यंत पुरवू नका, आणि ठेवायचेच तर घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवा. सुटे हिरवेगार काप स्वस्तात मिळाले तर एक काप कोमट पाण्यात टाकून बघा. पाणी भराभर हिरवे झाले, तर तो बहुधा रंगवलेला शेंगदाणा आहे.