कंपन्या परदेशात कशा विस्तारतात? निर्यातीपासून थेट गुंतवणुकीपर्यंत

परदेशात व्यवसाय करणे म्हणजे लगेच तिथे कारखाना उभारणे नव्हे. बहुतेक कंपन्या एकेक पायरी चढत जातात. प्रत्येक पायरीवर नियंत्रण वाढते, तसे अडकणारे भांडवलही वाढते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या योहान्सन आणि वाल्ने या अभ्यासकांनी १९७७ मध्ये ही प्रक्रिया मांडली. त्यांच्या मते कंपनी अनुभवातून शिकते आणि बाजारपेठेची माहिती जितकी वाढेल, तितकी जास्त गुंतवणूक करायला धजावते.

निर्यात

ही सर्वात कमी जोखमीची पायरी आहे. माल देशातच तयार होतो आणि परदेशातील खरेदीदार किंवा एजंटमार्फत विकला जातो. भारतात त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड (आयईसी) घ्यावा लागतो. अनोळखी ग्राहकाकडून पैसे मिळतील का, ही मुख्य चिंता असते. म्हणून बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट वापरतात. यात ठरलेली कागदपत्रे अटींनुसार सादर झाली की पैसे देण्याची हमी बँक घेते. खरेदीदाराने पैसे बुडवल्यास होणाऱ्या नुकसानीसाठी १९५७ मध्ये स्थापन झालेली ‘ईसीजीसी’ ही सरकारी कंपनी विमा देते.

परवाना आणि संयुक्त उपक्रम

आयात शुल्क जास्त असेल किंवा वाहतूक महाग पडत असेल, तर निर्यात परवडत नाही. अशा वेळी कंपनी रॉयल्टी घेऊन स्थानिक उद्योगाला तंत्रज्ञान किंवा ब्रँड वापरायचा परवाना देते. दुसरा मार्ग म्हणजे भागीदारी. जपानच्या सुझुकीने १९८२ मध्ये भारत सरकारच्या मारुतीशी करार केला, तेव्हा तिचा वाटा २६ टक्के होता. तो टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि २००२ मध्ये कंपनीचे नियंत्रण सुझुकीकडे आले. बाजारपेठ समजेपर्यंत स्थानिक भागीदार उपयोगी पडतो. मात्र नफा आणि निर्णय दोन्ही वाटून घ्यावे लागतात.

थेट परकीय गुंतवणूक

केवळ परताव्यासाठी परदेशी शेअर घेणे वेगळे आणि व्यवसाय चालवण्यासाठी मालकी घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला थेट गुंतवणूक म्हणतात. तिचे दोन मार्ग आहेत.

नवा कारखाना उभारणे: फोक्सवॅगनने पुण्याजवळ चाकणला उभारलेला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. यात वेळ लागतो, पण सगळे आपल्या पद्धतीने उभे करता येते.

चालू कंपनी विकत घेणे: टाटा टीने २००० मध्ये ब्रिटनची टेटली घेतली. त्यामुळे तयार ब्रँड, ग्राहक आणि वितरणव्यवस्था एकदम हाती आली.

भारतीय कंपन्यांच्या अशा गुंतवणुकीला २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू आहेत. त्यानुसार आपल्या निव्वळ मालमत्तेच्या (नेट वर्थ) ४०० टक्क्यांपर्यंतची आर्थिक बांधिलकी, इतर अटी पाळल्यास, सामान्यतः रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येते.

जोखीम कुठे असते?

टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातील कोरस ही पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि पोलादाची मागणी कोसळली. ब्रिटनमधील व्यवसाय अनेक वर्षे तोट्यात राहिला. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅल्बोटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. हजारो कामगारांच्या नोकऱ्यांवर त्याचा परिणाम झाला.

निर्यातदाराला एका देशातील मागणी घटली, तर माल दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न करता येतो. कारखाना असा हलवता येत नाही. त्याच्याबरोबर कर्ज, कामगार आणि स्थानिक सरकारशी असलेले संबंधही येतात. म्हणूनच वरची पायरी चढण्याआधी कंपनीने विचारायचा प्रश्न फक्त ‘नफा किती?’ हा नसतो. ‘अंदाज चुकला, तर बाहेर पडायला किती खर्च येईल?’ हेही तितकेच महत्त्वाचे असते.