पटाशीच्या दांताचें दार



पिशोरास मुलांना शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मॅट्रिक मास्तरानें दंतवैद्यकावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु कारण माझ्याच तोंडांत घडलें. खालच्या पटाशीच्या एका दांताचें रूट कॅनाल मला दोनदां करावें लागलें. पहिल्या वेळीं मुळांतील एकच नळी सांपडली. जिभेच्या अंगाची दुसरी तशीच राहिली. ती कां राहते, याचा इतिहास बोधप्रद आहे.

मुळाची नळी साफ करण्याची पहिली कानस अमेरिकेंत एडवर्ड मेनार्ड यांनीं १८३८ च्या सुमारास घड्याळाची कमान घासून बनविली, असें सांगतात. कानस आंत जाण्यास दांताला दार पाडावें लागे. समोरच्या दांतांत तें जिभेकडील अंगास पाडण्याची वहिवाट पडली. सोन्याची किंवा चांदी-पाऱ्याची भरणी हंसतांना दिसूं नये, हा त्यांत एक मोठा हेतु होता. शोभा राहिली, पण नळीचा रोख असतो दांताच्या धारेकडे, आणि दार पडलें मागें! त्यामुळें आंतील खांद्यावर कानस अडते, वांकते, ओठाकडील भिंत अधिक खरवडते आणि जिभेकडील भिंत सोडते. दुसरी नळी असली, तर ती याच खांद्याआड दडते. १८९५ त राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधले. परंतु समोरून घेतलेल्या चित्रांत या दोन नळ्या एकीमागें एक येतात.

१९५५ त ब्युओनोकोर यांनीं आम्लानें दांताचें कवच खरबरीत करून त्यावर राळ चिकटविण्याची युक्ति दाखविली. पुढें दांताच्याच रंगाची भरणी आली आणि दार धारेजवळ नेणें सुकर झालें. १९८८ त वालिया, ब्रँटली व गर्स्टाइन यांनीं निकेल-टिटॅनियमची लवचिक कानस पुढें मांडली. तथापि कानस कितीहि लवचिक असली, तरी तिरप्या दारानें ती एका भिंतीवर अधिक रेलतेच. म्हणून दार मोठें करावें असें मात्र नव्हे. मानेजवळची भिंत राखली तरच दांत बळकट राहतो. दार बेताचें, पण नळीच्या रोखांत हवें.

मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. आमच्या जिल्ह्यास शासकीय दंत महाविद्यालय लाभलें तें १९८२ त. म्हणजे विद्या आतां दूर नाहीं. आपणांवर असा प्रसंग आला, तर संकोच न धरितां वैद्यांस विचारावें: दार कोठें पाडणार, आणि दुसरी नळी शोधणार ना? हा प्रश्न मीं पहिल्याच वेळीं विचारावयास हवा होता.