दिनविशेष : १७ जुलै

१८३९ : अमेरिकी कारागीर आयझॅक बॅबिट यांना यंत्राच्या बेअरिंगसाठी पेटंट क्र. १२५२ मिळाले. त्या बेअरिंगचे अस्तर म्हणजे कथील जास्त, त्यात थोडे अँटिमनी आणि तांबे, असा मऊ मिश्रधातू. वंगण आटले की आधी तो झिजतो नि वितळतो, महागडा दांडा बचावतो. गावाकडे जुने ऑइल इंजिन खोलताना मिस्त्री ज्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतो, तो याच घराण्यातला. गंमत अशी, की पेटंट मुख्यतः धातू धरून ठेवणाऱ्या कडेच्या खोबणीचे होते. बॅबिट हे नाव मात्र धातूला चिकटले. वापराच्या हक्कांपोटी अमेरिकी काँग्रेसने बॅबिट यांना २०,००० डॉलर दिले.