आरेच्या जंगलाचा पत्त्यांचा कॅट : स्वतःचे पत्ते कसे डिझाइन करायचे?

सध्या मी ५४ पत्त्यांचा एक कॅट बनवतोय आणि त्याचा विषय आहे मुंबईतली आरे कॉलनी. म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये सुरू झालेली ही वसाहत आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं जंगलही आहे आणि आदिवासी पाड्यांचं घरही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो ३ च्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली, तेव्हा आरेचं नाव सगळीकडे पोहोचलं. पण त्यातल्या पाच झाडांची नावं सांगा म्हटलं, तर आपल्यापैकी बरेच जण अडतील. कॅट बनवायचं कारण तेच. तुमचा विषय वेगळा असेल, पद्धत मात्र हीच वापरता येईल.

आधी सावंतवाडी बघा

विषयावर आधारलेले पत्ते ही काही नवी कल्पना नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा बघा. हे पत्ते गोल असतात, हाताने रंगवलेले आणि वरून लाखेचा थर दिलेले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पत्ते, म्हणजे एकूण १२०. ही कला संपत आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली.

यातून शिकण्यासारखं एकच : मत्स्य अवताराची खूण मासा, परशुरामाची परशू. म्हणजे विषय नुसता चित्रात नाही, खुणेतच आहे.

चार रंग, चार गट

मी वाटणी अशी केली :

• किलवर – झाडं. एक्का पळस. किलवरची पानं तीन आणि पळसाला पानंही तीनच. पुढे काटेसावर, उंबर, पांगारा, मोह.
• इस्पिक – पक्षी. तांबट, हळद्या, राखी धनेश.
• बदाम – सस्तन प्राणी. राजा अर्थात बिबट्या.
• चौकट – छोटे जीव. राणी ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू. गुलामाच्या जागी लायकस आरेएन्सिस हा विंचू, ज्याचं शास्त्रीय नावच आरेवरून पडलंय.

गुलाम कोणाला करायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. राजा, राणी, गुलाम म्हटलं की माणसं काढावीशी वाटतात. पण पाड्यातल्या किंवा तबेल्यातल्या माणसाचं चित्र काढून कोपऱ्यात ‘गुलाम’ लिहिणं बरं दिसेल का? आणि माणसं काढलीच नाहीत, तर आरेत कोणी राहतच नाही असं वाटेल. म्हणून चित्रांत फक्त प्राणी आणि झाडं ठेवली. पण प्रत्येक पत्त्याच्या खाली त्या जीवाचं पाड्यांमध्ये बोललं जाणारं नाव येणार. ते नाव गुगलवरून नाही, तिथल्या लोकांना विचारून घ्यायचं. ज्यांनी सांगितलं, त्यांना विचारून त्यांचा उल्लेख डबीवर करायचा.

वारली चित्रांचंही तसंच. नेटवरून उचललेली किंवा एआयकडून ‘वारली स्टाइल’ काढून घेतलेली चित्रं नकोत. ही शैली हवी असेल, तर वारली चित्रकाराला पैसे देऊन काम द्या, डबीवर नाव छापा.

आणखी एक : बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो. चित्रासाठी कोणाचा फोटो वापरत असाल तर परवानगी घ्या. पत्त्यावर नेमकी जागा मात्र लिहू नका.

फाइलची मापं

• तयार पत्ता : ६३ × ८८ मिमी.
• ब्लीड : चारही बाजूंनी ३ मिमी जास्त. कापताना कटर थोडा सरकतोच, तेव्हा पांढरी कड दिसू नये म्हणून.
• कॅनव्हास : ६९ × ९४ मिमी, ३०० डीपीआयला ८१५ × १११० पिक्सेल. हे आधीच ठरवा. लहान चित्र नंतर ताणलं की फाटतं.
• सुरक्षित भाग : आकडा, खूण आणि नाव कापायच्या रेषेपासून निदान ३ मिमी आत.
• रंग : स्क्रीन आरजीबीत दाखवते, छपाई सीएमवायकेत होते. मोबाइलवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येतो. जंगलाच्या कॅटमध्ये हा मोठाच घोटाळा. एक पत्ता आधी छापून बघा.

क्रिता आणि इंकस्केप ही दोन्ही ॲप मोफत आहेत. क्रितामध्ये चित्रं रंगवा, इंकस्केपमध्ये खुणा काढा. मोबाइलवर काढलेलं चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर ते दाबून लहान केलं जातं.

हातात धरल्यावर काय दिसतं?

खेळताना पत्ते पंख्यासारखे धरतो. दिसतो फक्त वरचा डावा कोपरा. म्हणून आकडा आणि खूण तिथे ठळक हवी, तीच समोरच्या कोपऱ्यात उलटी. चित्राचा वरचा अर्धा भाग काढा, त्याची कॉपी १८० अंशांत फिरवून खाली जोडा. पत्ता कसाही धरला तरी सरळच. मागची बाजूही अशीच सममित ठेवा, नाहीतर उलटा लागलेला पत्ता लगेच ओळखू येतो.

लाल आणि काळा बदलू नका. नवे रंग दिले तर खेळणारा अडखळतो. काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही, म्हणून खुणेचा आकारही स्पष्ट हवा.

छापण्याआधी खेळा

एका ए-४ कागदावर ९ पत्ते बसतात, म्हणजे ६ कागदांत पूर्ण कॅट. साधी प्रिंट काढा, कापा, जुन्या पत्त्यांवर चिकटवा आणि बदाम सात खेळायला बसा. ‘ही अठ्ठी आहे की नव्वी?’ असं कोणी विचारलं की तो पत्ता बाजूला ठेवून सुधारा. मग छापखान्यात द्या. कागद साधारण ३०० जीएसएमचा मागा. उजेडासमोर धरून आरपार दिसत नाही ना, तेही तपासा.

शेवटची परीक्षा माझ्या मते अशी : डाव संपल्यावर खेळणाऱ्याला विचारा, किलवरचा एक्का कोणतं झाड होतं? ‘पळस’ असं उत्तर आलं, तर समजा कॅट जमला.